पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा जाताना: आधी उंची बघा, मग अंतर

नकाशावर वाट बारा किलोमीटरांची दिसते आणि मनात लगेच हिशोब होतो: अडीच-तीन तास. सपाटीवर हा हिशोब चुकत नाही. पण त्याच बारा किलोमीटरांत हजार मीटरांचा चढ असेल तर? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक साधा नियम आजही कामी येतो. दर पाच किलोमीटरांना एक तास धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरांमागे आणखी एक तास मिळवा. म्हणजे आपली वाट झाली चार तासांची, तीसुद्धा सवयीच्या, धडधाकट माणसासाठी आणि कुठेही न थांबता. नवख्याने त्यात निम्मी भर घालावी. झाले सहा तास, आणि अजून परत यायचं आहेच.

पर्वतातल्या उद्यानाचा बेत आखताना बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग फोटो, मग अंतर. उंचीचा आकडा शेवटी, जमलं तर. हा क्रम उलटा करा, एवढंच माझं सांगणं आहे. उंची कळली की थंडी कळते, हंगाम कळतो, दिवस किती लागतील ते कळतं, सामान काय न्यायचं तेही कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिलं काम: चार उंच्या कागदावर लिहा

तुम्ही एरवी राहता तिथली उंची, उद्यानाच्या प्रवेशद्वाराची उंची, रात्री जिथे झोपणार तिथली उंची आणि दिवसभरात गाठणार तो सर्वांत उंच बिंदू. हे चार आकडे उद्यानाच्या अधिकृत नकाशावर किंवा उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या कुठल्याही चांगल्या भूरूप नकाशावर सापडतात. चारांतला तिसरा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी बघत नाही.

कारण असं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे साधारण २१ टक्केच असतं, पण वर जावं तसा हवेचा दाब घटतो आणि एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. ३,००० मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो, ५,५०० मीटरांवर निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो आणि ते जुळवून घेणं बरंचसं मुक्कामाच्या उंचीवर अवलंबून असतं. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन झोपलात तर त्रास कमी होतो. गाडीने थेट वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकलात तर रात्री डोकं ठणकायला लागतं.

साधारण २,५०० मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. वय, व्यायाम, धावण्याची सवय यांपैकी कशाचीच हमी नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर वर जातो आणि त्यामुळेच अडचणीत येतो. म्हणून ३,००० मीटरांच्या पुढे मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी, असा सर्वमान्य नियम आहे. नेपाळच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात जाणारे लोक ३,४४० मीटरांवरच्या नामचे बाजारला एक दिवस जादा थांबतात, तो याचसाठी. त्या दिवशी झोपून राहायचं नसतं. थोडं वर चढून जायचं आणि पुन्हा नामचेला येऊन झोपायचं.

याच्या उलट उदाहरण पेरूच्या वास्करान उद्यानाचं. तिथलं लगूना ६९ हे निळंशार तळं साधारण ४,६०० मीटरांवर आहे आणि एका दिवसात जाऊन येता येतं. जवळचं शहर वाराझ ३,००० मीटरांच्या थोडं वर. राजधानी लिमा मात्र समुद्रकाठी. लिमाहून रात्रीच्या बसने वाराझला उतरून दुसऱ्याच दिवशी तळ्याकडे निघालं, तर अंतर फारसं नसूनही पाय उचलत नाहीत. वाराझला दोन-तीन रात्री काढून, जवळपासच्या कमी उंचीच्या वाटा फिरून मग तळ्याकडे गेलात तर तोच दिवस आनंदाचा होतो.

लक्षणं पाठ करून ठेवा: डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं. वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत ती सुरू होतात. तेवढ्यावर असेल तर त्याच उंचीवर थांबा, पाणी प्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. लक्षणं जाईपर्यंत एक पाऊलही वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं. माणूस सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली असण्याची शक्यता आहे. मग सकाळची वाट बघायची नाही. सोबत माणूस देऊन त्याला ताबडतोब खाली न्यायचं. ॲसिटाझोलामाइड हे औषध काही जणांना उपयोगी पडतं, पण ते घ्यायचं की नाही आणि किती घ्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांनी ठरवावं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, गरोदरपण असेल, तर बेत आखण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

हंगाम: सुंदर कधी दिसतं यापेक्षा उघडं कधी असतं

उंचावरच्या उद्यानाचं वर्ष छोटं असतं. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरांपर्यंत चढतो. हिवाळाभर तो बर्फाखाली बंद असतो आणि सहसा मेअखेरीस उघडतो. अमेरिकेतल्याच ग्लेशियर उद्यानातला लोगन खिंडीवरून जाणारा रस्ता पूर्ण मोकळा व्हायला अनेक वर्षी जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. कुठली तारीख पक्की नसते, कारण ती बर्फ ठरवतो. म्हणून हंगामाच्या अगदी पहिल्या आठवड्याचं आरक्षण करू नका. पहिल्यांदा जात असाल तर मुळीच नको.

उत्तराखंडच्या फुलांच्या घाटीत प्रश्न वेगळा आहे. घाटी १ जूनला उघडते, पण तेव्हा वाटेत बर्फ असू शकतो आणि फुलंही थोडी असतात. बहर येतो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे भर पावसाळ्यात, आणि त्याच दिवसांत तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळतात. फुलं हवी असतील तर हा धोका घ्यावाच लागतो आणि मग परतीच्या प्रवासात एक-दोन राखीव दिवस ठेवणं भागच पडतं. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर मार्च ते मे लांब पावसाळा आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा पावसाळा असतो. तिथे जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर बरा.

हंगाम ठरवताना तीन गोष्टी एकत्र बघा: वाटेवर बर्फ कधी सरतो, पाऊस किंवा वादळं कधी असतात आणि गर्दी कधी उसळते. तिन्ही मनासारख्या असलेला आठवडा बहुधा नसतो. नवख्याने गर्दी पत्करावी, बर्फ आणि वादळ टाळावं. गर्दीला उपाय आहे: आठवड्याच्या मधले वार आणि पहाटेची सुरुवात.

परवाने: तिकिटं काढण्याआधी

इथे क्रम महत्त्वाचा. आधी परवाना, मग मुक्काम, मग प्रवास. विमानाचं तिकीट आधी काढून मग परवाना शोधत बसलेले लोक उद्यानाच्या दारातून परत फिरतात.

'परवाना' म्हटलं तरी तो एकच असतो असं नाही. उद्यानात शिरण्याचा वेगळा, रात्री राहण्याचा वेगळा, काही ठिकाणी एखाद्या ठरावीक वाटेचा वेगळा, आणि गर्दीच्या हंगामात गाडी आत नेण्यासाठी वेळ ठरवून घ्यावी लागते ती आणखी वेगळी. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात हाफ डोम नावाच्या कातळी शिखराच्या शेवटच्या चढावर लोखंडी दोर लावलेले असतात. त्या दोरांवरून चढायचं तर परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. मलेशियातल्या किनाबालू शिखरावर (४,०९५ मीटर) वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात, त्यामुळे वरच्या निवाऱ्यातली जागा कितीतरी आधी धरावी लागते. किलिमांजारोवरही वाटाड्या सक्तीचा आहे.

काही उद्यानांत तर राहताच येत नाही. फुलांच्या घाटीत मुक्कामाला बंदी आहे. जवळच्या घांघरिया गावात राहायचं, सकाळी आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यायचं. स्वित्झर्लंडमधलं राष्ट्रीय उद्यान १९१४ साली स्थापन झालं, आल्प्समधलं ते सर्वांत जुनं. तिथले नियम मला सगळ्यांत स्वच्छ वाटतात: आखलेली वाट सोडायची नाही, फूल किंवा फळ तोडायचं नाही, तंबू ठोकायचा नाही, कुत्रा साखळीला बांधूनसुद्धा आणायचा नाही. नंदादेवी उद्यानाचा गाभा तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिर्यारोहकांसाठी बंदच केला गेला, कारण मोहिमांच्या वर्दळीने तिथल्या रानाची हानी झाली होती. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली वाट आज खुली असेलच असं धरून चालू नका.

माहिती उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि जमलं तर कार्यालयात फोन करा. शुल्क, वेळा, बंद असलेल्या वाटा दरवर्षी बदलतात. परवान्याची छापील प्रत आणि ओळखपत्र सोबत ठेवा, कारण दारात नेटवर्क नसण्याची शक्यताच जास्त. प्रवास विमा काढत असाल तर दोन कलमं शोधून वाचा: किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली तर तो खर्च त्यात येतो का. पुष्कळ पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरांत असते.

दिवसांची मांडणी

पहिल्या भेटीला एकच उद्यान आणि शक्यतो एकच मुक्कामाचं ठिकाण. चार दिवसांत तीन उद्यानं बघणाऱ्याने खरं तर तीन वाहनतळ बघितलेले असतात.

पोहोचाल तो दिवस मोकळा ठेवा. सामान टाका, पाणी प्या, हळूहळू जवळपास फिरा आणि माहिती केंद्रात जा. तिथल्या वनरक्षकांना हे जरूर विचारा: आज कुठली वाट बंद आहे, कुठे बर्फ किंवा ओढा अडवतोय, आणि इतक्यात कुठला प्राणी कुठे दिसला. या तीन उत्तरांनी तुमचा बेत बदलला तर बदलू द्या. त्यांची माहिती आज सकाळची असते.

दुसऱ्या दिवशी छोटी वाट, तीन-चारशे मीटरांच्या चढाची. पायातले बूट कुठे लागतात, सॅकचा पट्टा खांद्यात रुततो का, बरोबरच्या माणसांचा खरा वेग काय, हे त्या दिवशी कळतं. तुमचा नेस्मिथ हिशोब आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांची तुलना करा. दीडपट लागला असेल तर पुढच्या सगळ्या वाटांना दीडने गुणा. मुख्य वाट तिसऱ्या दिवशी. चौथा दिवस राखीव: हवा बिघडली तर मुख्य वाट त्या दिवसावर ढकलायची, नाही बिघडली तर ओढ्याकाठी बसून पक्षी बघायचे. हा राखीव दिवस नवख्यांना वाया गेल्यासारखा वाटतो. पण तो नसेल तर खराब हवेतही 'आजच जायला हवं' असा दबाव येतो, आणि पर्वतात चुकीचे निर्णय अशाच दबावाखाली होतात.

मुख्य वाटेच्या दिवशी उजाडताच निघा आणि निघण्याआधी परत फिरण्याची वेळ ठरवा. समजा, ती दुपारी बाराची ठरवली. बाराला तुम्ही जिथे असाल तिथून मागे वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. ही वेळ गटातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाही. दरीत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो, हेही हिशोबात धरा.

वाट वर्तुळाकार आहे, गेलात तसं परत यायचं आहे, की एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते? न्यूझीलंडमधल्या तोंगारिरो उद्यानातली ज्वालामुखींमधून जाणारी प्रसिद्ध वाट एकोणीस किलोमीटरांहून लांब आहे आणि सुरुवातीपासून खूप दूर संपते. अशा वाटेला गाडी शेवटच्या टोकाला लावून, तिथून वाहनाने सुरुवातीला यावं. मग दिवसअखेरीस शेवटच्या बसमागे धावावं लागत नाही.

गटात लहान मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर आखणी त्यांच्या वेगाने करा आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. अगदी लहान मुलांना डोकं दुखतंय की पोट, हे सांगता येत नाही. ती चिडचिडी झाली, खाईनाशी झाली, तर उंचावर ते लक्षणच समजावं आणि खाली यावं.

हवामान

मुक्कामाच्या गावाचा अंदाज बघून वरची हवा कळत नाही. सरासरीने दर हजार मीटरांना साडेसहा अंश सेल्सिअस तापमान उतरतं. गावात २० अंश असतील तर १,५०० मीटर वर दहाच्या आसपास, आणि धारेवर वारा असेल तर अंगाला लागणारी थंडी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून अंदाज शिखराच्या किंवा खिंडीच्या उंचीचा शोधा आणि त्यात तापमानाबरोबर वाऱ्याचा वेगही बघा.

उन्हाळ्यात पुष्कळ पर्वतरांगांत दुपारी ढग उभे राहतात आणि विजा कडाडतात. सकाळी तापलेली हवा उतारावरून वर चढते, गार होते आणि दुपारपर्यंत वादळ तयार होतं. रॉकी पर्वतात तर हा रोजचाच क्रम म्हणावा इतका नेमाचा असतो. म्हणून दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीखाली) परत यायचं, हा तिथला पहिला धडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर धोका जवळ आलेला आहे. धार, सुळका, एकटं झाड, उथळ गुहेचं तोंड, पाण्याचा काठ सोडा आणि खाली उतरा. काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून अंतर ठेवून थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय वर जाऊ नका.

बर्फ वितळून वाहणारे ओढे सकाळी उतरलेले असतात आणि दिवस तापला की चढतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलात त्या जागी परतताना गुडघ्याच्या वर पाणी असू शकतं. असा ओढा वाटेत असेल तर परतीची वेळ त्यावर ठरवा. पाणी चढलेलं दिसलं तर थांबा किंवा मागे जा. जोराच्या प्रवाहात गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला पाडतं.

सामान

कपड्यांचं सूत्र तीन थरांचं. अंगालगत घाम बाहेर टाकणारा, मधे ऊब धरणारा, वर वारा आणि पाऊस अडवणारा. सुती कपडे अंगालगत नकोत, कारण सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगाची ऊब खेचून घेतं. शरीर धोकादायक रीतीने गार पडायला शून्याखाली तापमान लागत नाही. दहा अंशांत भिजलेले कपडे आणि जोराचा वारा पुरतो. चालताना घाम येण्याआधी थर काढा, थांबल्यावर थंडी वाजण्याआधी चढवा. टोपी, हातमोजे आणि मोज्यांचा कोरडा जोड भर उन्हाळ्यातही सॅकमध्ये असू द्या.

ऊन हा दुर्लक्षित धोका. दर हजार मीटरांना अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतला मोठा हिस्सा खालून परत अंगावर फेकतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानांना ऊन अडवणारं मलम लावा. बर्फावर चालायचं असेल तर कडेने झाकलेला गडद चष्मा हवाच. चष्म्याविना बर्फावर काढलेल्या दिवसानंतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

हेडलँप दिवसाच्या वाटेलाही घ्या. मोबाइलचा उजेड हात अडकवतो आणि बॅटरी संपवतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा आणि विमान मोडवर टाका. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि कागदाचा नकाशाही जवळ असू द्या. शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, फोडांवर लावायची पट्टी, थोडं जास्तीचं खाणं. बूट नवे असतील तर निघण्याआधी काही आठवडे रोज वापरा.

झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते गाळून निर्जंतुक करा किंवा उकळा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून २,००० मीटरांच्या वर उकळी फुटल्यावर तीन मिनिटं उकळू द्यावं.

शरीराची तयारी

सहा ते आठ आठवडे पुरे. आठवड्यातून तीन-चारदा सॅकमध्ये वजन भरून जिने चढा आणि तितकेच उतरा. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढण्याचा सराव करतात, पण गुडघे दुखतात आणि पाय लटपटतात ते उतरताना. घसाऱ्यावरून थकल्या पायांनी उतरण्याइतकी घसरण्याची वेळ दुसरी नाही. तिथे दोन काठ्या फार आधार देतात.

गाडी स्वतः चालवणार असाल तर एवढंच: उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत दाबून ठेवू नका, ते तापून निकामी होतात. आणि इंधन शेवटच्या गावात पूर्ण भरा.

प्राणी, झाडं आणि आपण

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचा नियम कुठेही वापरण्याजोगा आहे: अस्वल, लांडगे आणि प्यूमा (डोंगरी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर, बाकी प्राण्यांपासून किमान २३ मीटर. अंतर मोजायची सोपी खूण म्हणजे हात सरळ पुढे धरून अंगठा वर करा, एक डोळा मिटा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. तुमच्यामुळे प्राण्याने चरणं थांबवलं, मान वर केली, तरी तेच.

अस्वलांच्या मुलुखात खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा यांतलं काहीही तंबूत ठेवायचं नाही. जिथे पोलादी पेट्या दिल्या असतील तिथे त्या वापरायच्या. योसेमिटीत अस्वलांनी गाडीची दारं वाकवून आतलं खाणं काढलेलं आहे. माणसाचं खाणं चाखलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावं लागतं. आपण बेफिकिरीने उघडं ठेवलेल्या पाकिटाची किंमत त्या जनावराने का मोजावी? इथे मला कुठलीही सवलत मान्य नाही.

झाडांच्या रेषेवरचं जग फार हळू वाढतं. मॉस कँपियन नावाची खडकाला बिलगून वाढणारी गुलाबी फुलांची गादी असते. तिला पहिलं फूल यायला दहा वर्षं लागू शकतात. फोटोसाठी वाट सोडून टाकलेलं एक पाऊल ती गादी मोडू शकतं. वाट चिखलाने भरली असेल तरी तिच्या मधोमधच चाला. कडेने चालत गेलं की वाट रुंदावत जाते.

आग तर नकोच. चिलीतल्या तोरेस देल पाइने उद्यानात २०११ च्या डिसेंबरअखेरीस एका पर्यटकाच्या हातून लागलेल्या आगीत १७,००० हेक्टरांहून जास्त रान जळलं. तिथला वारा ठिणगीला क्षणात पसरवतो. आज त्या उद्यानात उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे. वाटेत शौचाला जावं लागलं तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि बुजवा. कागद पिशवीत घालून परत आणा. बर्फावर किंवा कातळावर खड्डा होत नाही, तिथे सगळंच पिशवीतून खाली आणायचं असतं. ड्रोन नेण्याआधी नियम वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्यांना बंदी आहे आणि अनेक देशांत तसंच आहे.

अडचण आली तर, आणि परतल्यावर

निघण्याआधी घरच्या एका माणसाला लेखी कळवा: कुठली वाट, कोण कोण, किती वाजता परत आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाच्या कोणत्या क्रमांकावर कळवायचं. ही शेवटची वेळ परतीच्या अपेक्षित वेळेनंतर काही तासांची ठेवा.

वाट चुकली असं वाटलं तर आधी थांबा. शेवटची ओळखीची खूण आठवत असेल तर तिथवर परत जा. आठवत नसेल तर जिथे आहात तिथेच राहा, अंगावर थर चढवा. खाली पाणी आहे म्हणून ओढ्याच्या घळीतून उतरत जाण्याचा मोह होतो. पण अशा घळी बऱ्याचदा कड्यावर संपतात. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा तेच. पलीकडून मिनिटाला तीन खुणा आल्या तर तुमची हाक पोहोचली असं समजा.

खाली आल्यावर दारावरच्या नोंदवहीत परतल्याची नोंद करा, नाहीतर रात्री तुमच्या शोधात माणसं निघतील. घरच्या त्या माणसाला फोन करा. वाटेत पूल वाहून गेलेला, झाड आडवं पडलेलं, अस्वल वाटेजवळ फिरताना दिसलं असेल तर वनरक्षकांना जागा आणि वेळ सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी माहिती केंद्रात वाटेची चौकशी करायला येणाऱ्याला तेच सांगितलं जाईल.